मध्ये पोतं, मागे मामाजी

ईरा आणि अद्वैत,

ईराला तिकडे कॅनडात कार चालवायचं लायसन्स मिळालं, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "क्लच सोडताना गाडी बंद नाही ना पडली?" ईरा म्हणाली, "आजी, क्लच म्हणजे कुठलं बटन?" मागून अद्वैतचा आवाज आला, "अगं, जुन्या गाड्यांना असायचं ते."

मी फोन ठेवला आणि चष्मा पुसला. आचाऱ्याच्या नातवंडांनी मिठाचा डबा ओळखू नये, तसं झालं हे. इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादक बरेच दिवस मागे लागले आहेत, 'तुमच्या कामातले अनुभव लिहा.' एका खेपेत दोन कामं उरकायची मला सवय आहे. तेव्हा हे तुमच्यासाठी लिहिते आहे. अंकाच्या वाचकांनी शेजारी बसून ऐकावं.

तुमची आजी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली आणि उमेदीची सगळी वर्षं आर्वीत बायकांना मोटारसायकलचे गिअर शिकवत राहिली. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं लोक विचारत. संबंध तुमचे आजोबा. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. ते जीप शिकवत. दुचाकी शिकायला बायका येऊ लागल्या, तेव्हा ते सवयीप्रमाणे त्यांच्यावर ओरडले. एक बाई रडली. ती रडते म्हणून आजोबा इतके घाबरले, की धावत घरात आले आणि मला म्हणाले, "तू बघ बाई हे, माझं काम नाही." मी ओट्यावरचं दूध उतरवलं आणि बाहेर गेले. ती बाई शिकून गेली. मग तिची जाऊ आली, मग जावेची बहीण.

शहरातली माणसं म्हणत, बायकांनी सरळ स्कूटर घ्यावी, तिला गिअरच नसतात. घ्यावी की. पण खेड्यातल्या घरात बहुतेक एकच गाडी असते, ती मोटारसायकल असते, आणि ती अंगणात उभी असते. माझ्याकडे येणाऱ्या बाईला गाडी विकत घ्यायची नसायची. अंगणात उभी असलेली गाडी आपल्यालाही चालवता यावी, एवढंच तिला हवं असायचं.

आता तुमच्यासाठी थोडं शास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही.

इंजिन सुरू झालं की ते सतत फिरत राहतं. चाकाला मात्र कधी थांबायचं असतं, कधी हळू जायचं असतं. या दोघांचा हात एकमेकांच्या हातात असतो. डाव्या मुठीतला क्लच दाबला की हात सुटतो, क्लच सोडला की हात पुन्हा धरला जातो. हात सुटलेला असताना डाव्या पायाने गिअर बदलायचा. पहिला गिअर बैलासारखा: ताकद भरपूर, चाल कमी. चौथा घोड्यासारखा: पळतो छान, पण चढावर ओझं ओढायला सांगितलं की धापा टाकतो. कुठे बैल जुंपायचा आणि कुठे घोडा, हे कळलं की निम्मी विद्या आली.

उरलेली निम्मी विद्या म्हणजे बदल हळुवार करणं. ॲक्सिलरेटर कमी, क्लच पूर्ण दाबलेला, पायाने एकच ठाम दाब, मग क्लच सावकाश सोडत ॲक्सिलरेटर पुन्हा वाढवायचा. घाई केली की आतले दात एकमेकांवर आपटतात आणि खट् असा आवाज येतो. माझ्या विद्यार्थिनींना मी एकच कसोटी सांगत असे: मागे बसलेल्या माणसाला गिअर कधी बदलला हे कळता कामा नये. त्याला झोप लागली पाहिजे.

हे सगळ्यांना पटत असे, असं नाही. एक निवृत्त हेडमास्तर आपल्या सुनेबरोबर शिकायला आले होते. ते एकेक गिअर वर नेत, पण खाली आणायला तयार नसत. चौथ्या गिअरमध्येच चौकात थांबत आणि चौथ्यातच निघायला बघत. गाडी दोन गचके देऊन बंद पडे. मी विचारलं, "सर, थांबण्याआधी पहिल्यावर का येत नाही?" तर म्हणाले, "मॅडम, उभ्या नोकरीत मी एकदा वर चढवलेल्या पोराला खालच्या वर्गात नाही बसवलं." त्यांची सून आठवड्याभरात शिकली. सर पायी फिरायला जाऊ लागले.

आता वंदनाची गोष्ट. तिच्यासाठीच एवढं क्लच-पुराण सांगितलं.

वंदना आष्टीकडच्या एका टेकडीवरच्या गावातली सून. शेळ्यांची तिला भारी जाण. लांबून कान बघून ती सांगायची, की ही शेळी आजारी आहे आणि ही नुसती नाटकी आहे. तिने पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं होतं. पशुसखी म्हणजे गावोगाव जाऊन शेळ्या-कोंबड्यांना लस टोचणारी, औषध पाजणारी बाई. टेकडीच्या आजूबाजूची चार गावं तिला मिळणार होती. अट एकच होती: लशीची थंड पेटी घेऊन ऊन चढायच्या आत पोचता आलं पाहिजे. म्हणजे गाडी हवी. एसटी तिच्या गावाला येते, पण स्वतःच्या मर्जीने. पुढच्या सोमवारपर्यंत गाडीची सोय झाली नाही, तर चारही गावं दुसऱ्या बाईला जाणार होती.

वंदना माझ्याकडे शिकली, ती माहेरी जाते सांगून. माहेर आर्वीतच होतं, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. सुरुवातीला तिच्या जोडव्यांनी आम्हाला छळलं. माझ्या एका गाडीचा गिअर पायाच्या बोटांनी खालून वर उचलावा लागे. जोडवी त्या दांड्यात अडकत आणि बाई कळवळे. जोडवी काढायला ती तयार नव्हती, आणि मी सांगणारही नव्हते. मग तिच्या पायात कापडी बूट घातले आणि तिला दुसऱ्या गाडीवर बसवलं. त्या गाडीचे सगळे गिअर वरून दाबायचे होते: पुढे पंजाने दाबला की वरचा, मागे टाचेने दाबला की खालचा. वंदनाच्या घरची गाडीही अशीच होती. पाय एकदा बसला आणि मग पोरगी अशी शिकली, की पक्कं लायसन्स मिळवूनच थांबली.

घरची गाडी मात्र होती सासऱ्यांची, म्हणजे इकडच्या भाषेत मामाजींची. गुलाबराव त्यांचं नाव. लाल रंगाची शंभर सीसीची मोटारसायकल ते रोज पुसत, आणि कोणाला हात लावू देत नसत. वंदनाचा नवरा आर्वीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पण तोही बसने जायचा. तिने गाडीचा विषय काढला, की तो म्हणे, "बाबाले विचार." आणि बाबांना विचारायचं कसं, हीच खरी अडचण होती.

त्यांच्या घरात जुनी रीत होती. सून सासऱ्याशी थेट बोलत नसे आणि सासरा सुनेशी थेट बोलत नसे. भांडण वगैरे काही नव्हतं, अदब होती ती. दोघांचं बोलणं सासूबाईंमार्फत चाले, आणि सासूबाई शेजारी गेल्या असतील तर गाईमार्फत. गुलाबराव गोठ्याकडे बघून म्हणत, "कपिले, चहा झाला का म्हना." आतून वंदना म्हणे, "कपिले, झाला म्हना." कपिला रवंथ करत राही.

म्हणून मीच त्यांच्या घरी गेले. गुलाबरावांनी बाज टाकली, पाणी दिलं. मी विषय काढताच त्यांनी हात जोडले.

"मॅडम, तुमी शिकलेल्या बाई. पन बाईमानसाच्या हाती गाडी गेली म्हनजे गिअरबॉक्स गेला, असंच समजा. आत्ताच आवाज करून राह्यला तो."

"आत्ता कोण चालवतं गाडी?"

"मीच चालवतो ना! दुसऱ्याले हातबी नाई लावू देत."

"मग आवाज कोणामुळे येतो?"

त्यांनी गाडीकडे बघितलं. "वंदनाची नजर हाये तिच्यावर कवापासून. नजर लागली असन."

सासूबाई, शांताबाई त्यांचं नाव, दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग कपिलेची तब्येत का नाई बिघडली? नजर तर तिच्यावरबी हाये."

मी म्हटलं, एक चक्कर मारून दाखवा. गुलाबरावांनी आनंदाने दाखवली. ईरा, अद्वैत, गिअरबॉक्सचे हाल करायच्या जेवढ्या रीती मला माहीत आहेत, तेवढ्या त्या गृहस्थांनी एका चकरेत करून दाखवल्या. क्लच अर्धाच दाबत होते. डावा पाय गिअरच्या दांड्यावर असा विसावलेला, जसा काही पाटावर. पाय सतत दाबून राहिला की आतले भाग हळूहळू झिजतात. येताना त्यांच्या दारासमोरच्या उतारावर त्यांनी गाडी न्यूट्रल केली, किल्ली बंद केली आणि गाडी घरंगळत आणली. इकडे पेट्रोल वाचवायची ही फार लाडकी रीत आहे. तशा गाडीला इंजिनाचा लगाम उरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. आणि पळत्या गाडीला खाली आल्यावर घाईने गिअरमध्ये घातलं, की कडाक् असा आवाज येतो. तसा तो आला. शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

"पाह्यलं?" गुलाबराव उतरून म्हणाले. "मी चालवतो म्हनून एवढाच आवाज."

"तेल कधी बदललं होतं?"

"बदलाचं काऊन? कमी झालं का वरून टाकतो."

या गाड्यांत इंजिन आणि गिअर एकाच तेलात असतात, म्हणून तेल जुनं झालं की दोघांचंही नुकसान. मी बरोबर एका ओळखीच्या मिस्त्र्याला आणलं होतं. तेल बदलल्याशिवाय पुढे बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नाहीतर म्हाताऱ्याच्या हातच्या आवाजाचं पाप सुनेच्या नावावर गेलं असतं. मिस्त्र्याने खालचा नट काढला. काकवीसारखं काळं तेल तसराळ्यात उतरलं. उन्हात त्यात बारीक चकाकी दिसली.

"सोनं निघालं का काय?" गुलाबरावांनी वाकून पाहिलं.

"तुमच्या गिअरचे दात निघाले," मी म्हटलं.

शांताबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "या घरात दात पडाचं वयच झालं सगळ्याईचं."

नवं तेल पडलं. क्लचची तार नीट केली. मुठीला थोडीशी ढील असावी लागते, फार नको. मग मी गुलाबरावांना म्हटलं, की एकदा वंदनाच्या मागे बसून बघा आणि मग काय ते ठरवा. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"सुनेच्या मांगं बसू? गाडीवर? काय बोलता मॅडम! गाव काय म्हनन?"

रीत अशी, की सासरा सुनेला शिवत नाही. बोलणंही गाईमार्फत होतं तिथे पाठीमागे बसणार कसं? मी मधे बसले तर गाडीवर तिघं होणार आणि कायदा मोडणार. मी कायदा मोडत नाही, हे तुमच्या आईला विचारा. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे वंदना दाराआड उभी राहून ऐकत होती.

तेव्हा शांताबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मधात पोतं ठेवा ना बाप्पा! तुरीची डाळ करून आनाचीच हाये. बाजारबी हाये आज. पोत्याच्या पल्ल्याड तुमी, अल्ल्याड वंदना. कोनाले काय शिवाशिव?"

गुलाबरावांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि होकार दिला. पण अट घातली. आष्टीच्या बाजाराला जायचं आणि यायचं. येताना एकही गिअरचा आवाज त्यांच्या कानावर पडला, तर किल्ली पुन्हा त्यांच्या खिशात आणि हा विषय कायमचा बंद.

"जाताना आला तर?" मी विचारलं.

"जाताना शिकाऊ म्हनून सोडून देईन. मी काई दुश्मन नाई."

तुरीचं पोतं सीटवर उभं बांधलं. वंदना पुढे, डोक्यावर पदर, पदरावर माझ्या शाळेचं हेल्मेट. मागे गुलाबराव. त्यांनी पोत्याची दोरी आपल्या दुपट्ट्याने मनगटाला बांधून घेतली, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. त्यांना मी दुसरं हेल्मेट दिलं, तर म्हणाले, "हा टोपा घातला तर गिअर आयकू कसा येईन?" आणि त्यांनी ते हेल्मेट पोत्याला घातलं. मी कायदा सांगून थकले. मी माझ्या गाडीवरून त्यांच्या बाजूने निघाले. रस्त्यात जो तो वळून बघत होता, कारण लांबून तिघं बसल्यासारखं दिसत होतं आणि मधला माणूस फार गंभीर वाटत होता.

टेकडी उतरायला लागल्यावर बोलणं सुरू झालं. गाडीवर कपिला नव्हती. मग सगळा भार पोत्यावर आला.

"पोत्या, तिले सांग, न्यूट्रल कर म्हनाव! उतार हाये! पेट्रोल जळून राह्यलं!"

पुढून वंदना मान न वळवता म्हणाली, "पोत्या, मामाजीले सांग, मॅडमनं नाई म्हटलं हाये."

"पोत्या, पेट्रोल मॅडमच्या घरचं हाये का?"

मी बाजूने ओरडले, "गुलाबराव, उतारावर गाडी गिअरमध्येच पाहिजे! इंजिनच धरून ठेवतं तिला!"

"तुमाले नाई विचारलं मॅडम! मी पोत्याशी बोलून राह्यलो!"

वंदना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आली आणि सगळा उतार शांतपणे उतरली. खाली वळणावर कापूस भरलेला ट्रॅक्टर आडवा उभा होता. ती हलकेच थांबली आणि बाजूने निघून गेली. मागून काही शब्द आला नाही. पण पुढे एका पुलावर समोरून एसटी आली, वंदना दचकली आणि तिसरा गिअर खट् करून पडला.

"आला!" गुलाबराव जिंकल्यासारखे ओरडले. "पोत्या, आयकलं ना? आला!"

बाजारात त्यांचा एक ओळखीचा भेटला. त्याने गाडीकडे बघून विचारलं, "गुलाबराव, मधला पाव्हना कोन?"

"तूर हाये," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तूर डाळ-मिलवर दिली, डाळ नंतर न्यायची होती. वंदना माझ्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, येताना जर एक आला ना, तर झालं. चारी गावं गेली. त्याईनं एकदा बोललं का बोललं." मी तिला कणीस घेऊन दिलं. तिने ते हातातच धरून ठेवलं. मी एवढंच म्हटलं, की कान मागे ठेवू नकोस, नजर पुढे ठेव. घाई झाली की पाय जोरात पडतो. गिअर कमी वेळा बदल, आणि बदलशील तो आधी विचार करून बदल.

गुलाबराव मात्र बाजारात खुशीत होते. त्यांनी पोटभर भजी खाल्ली, वरून गरम जिलबी घेतली, दोन ठिकाणी चहा घेतला. मग परतीसाठी पोतं लागलं, कारण रीत जाताना होती तशीच येतानाही होती. त्यांनी गाईसाठी सरकीचं पोतं घेतलं. सरकी म्हणजे कापसाचं बी. त्यावर थोडा कापूस राहिलेला असतो. जाताना तूर होती, ती टोचत होती. सरकीचं पोतं लोडासारखं होतं. आणि हेल्मेटचं मी यावेळी काही ऐकून घेतलं नाही. "तुम्ही घातल्याशिवाय गाडी निघणार नाही," म्हटलं, तेव्हा कुरकुरत त्यांनी ते पोत्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर चढवलं.

भजी, जिलबी, दुपारचं ऊन, समोर मऊ पोतं आणि कानांवर हेल्मेट. तुम्हाला पुढचं कळलंच असेल. मला नाही कळलं. मी बाजूने जात होते, तेव्हा एकदा सहज बघितलं, तर गुलाबरावांचं हेल्मेट पोत्यावर टेकलेलं होतं. मी जवळ गेले. गृहस्थ गाढ झोपले होते.

थांबवायला हॉर्न द्यावा, तर दचकून पडतील. दोरी मनगटाला बांधलेली होती, पोतं गाडीला बांधलेलं होतं, तेवढाच धीर. मी पुढे जाऊन वंदनाला गालावर हात टेकवून दाखवलं. ती घाबरून ओरडली, "दाढ दुखते का मॅडम?" मी मानेनेच नाही म्हटलं आणि मागे बोट केलं. तिने आरशात पाहिलं. मग मी हाताने खूण केली, बाजूला घे, थांब. वंदनाने नकारार्थी मान हलवली.

तिचं बरोबर होतं. आत्ता थांबवून उठवलं असतं, तर ते म्हणाले असते, गिअरच्या दणक्यानेच जाग आली. त्यांना घरापर्यंत झोपलेलंच नेलं, तर मात्र कोणाला काही बोलता येणार नव्हतं. तिने वेग कमी केला आणि एकसारखा ठेवला.

समोर टेकडीचा चढ होता. चढावर चौथा चालत नाही. तिसरा, मग दुसरा, हे करावंच लागतं. मी माझी गाडी मागे घेतली आणि बघत राहिले. चढ यायच्या आधीच, गाडीचा दम कमी व्हायच्या आत, वंदनाने टाच हळूच दाबली, क्लच सोडताना इतकाच ॲक्सिलरेटर दिला की इंजिन आणि चाक एका चालीवर आली. हेल्मेट जागचं हललं नाही. वळणावर दुसरा. नाही हललं. आयुष्यभर मी बायकांना सांगत आले, मागच्याला झोप लागली पाहिजे. ती लागलेली मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्या झोपेचं मला इतकं भय वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

गावाच्या तोंडाशी गतिरोधक होता, आणि त्यावर शेळ्यांचा कळप उभा होता. शेळ्यांना हॉर्न कळत नाही, आणि हॉर्न द्यायचाही नव्हता. वंदनाने पहिला टाकला, गाडी माणसाच्या चालीने आणली आणि तोंडाने शेळ्यांना करतात तसा बारीक आवाज केला. शेळ्या तिला ओळखत होत्या. दोन्हीकडे सरल्या. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं. हेल्मेट पोत्यावरच.

अंगणात शांताबाई उभ्या होत्या. गल्लीतल्या पाच-सहा बायाही होत्या, कारण निकाल सगळ्यांनाच हवा होता.

"अवो, हे झोपले का काय?" शांताबाई म्हणाल्या.

वंदनाने ओठांवर बोट ठेवलं, न्यूट्रल केलं आणि किल्ली फिरवली. इंजिनचा आवाज बंद झाला. त्या शांततेनेच गुलाबराव जागे झाले. ताडकन ताठ बसले आणि डोळे पुरते उघडायच्या आत ओरडले, "काऊन थांबली? बंद पाडली ना? म्या म्हटलं होतं! अर्ध्या रस्त्यात..."

मग त्यांना समोर स्वतःचं दार दिसलं. दारात स्वतःची बायको दिसली. कपिला दिसली. गल्लीतल्या बाया पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"डोळे मिटून आयकून राह्यलो होतो," ते म्हणाले.

"घोरत आयकत होते," शांताबाई म्हणाल्या. "वेशीपासून आयकू येऊन राह्यलं होतं आमाले."

"हा टोपा घातल्यावर आयकू येते का काई?"

मी म्हटलं, "गुलाबराव, गिअरचा दणका कानाला नाही, पाठीला कळतो. टेकडीवर तीनदा बदल झाला. एक तरी कळला?"

दुपट्ट्याची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. कोणी मदत केली नाही, सगळे वाट बघत होते. वंदना गाडीवरून उतरून पदर सावरून बाजूला उभी होती, मान खाली. गुलाबरावांनी पोतं उतरवून अंगणात ठेवलं. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. मग गाडीची किल्ली काढली, तळहातावर घेऊन थोडा वेळ बघितली. सुनेच्या हातात ती देता येत नव्हती, रीत होती. खिशातही घातली नाही. त्यांनी ती सरकीच्या पोत्यावर ठेवली.

"पोत्या," ते म्हणाले, "तिले सांग, सोमवारी निघाच्या आधी चाकातली हवा पाह्यजो म्हनाव. आन त्या शेळ्या गाडीवर नोको बसवजो."

वंदनाने किल्ली उचलली. "पोत्या," ती म्हणाली, "मामाजीले हो म्हन."

सोमवारी ती गेली. चारही गावं तिचीच आहेत. आता स्कूटरच जास्त खपतात, म्हणून माझी शाळा बंद झाली, आजोबाही गेले. त्यांच्याविषयी एक सल आहे: ते माझ्या मागे पुष्कळदा बसले, पण एकदाही झोपले नाहीत. माझे गिअर चांगले पडत, पण ते डोळे सताड उघडे ठेवून रस्ता बघत आणि मधेच "ब्रेक!" म्हणून ओरडत.

मधे एकदा आष्टीच्या बाजारात वंदना दिसली. गुलाबराव मागे बसलेले. त्यांच्या मधे पोतं होतंच, पण रिकामं, घडी घातलेलं, चार बोटं जाडीचं. रीत ती रीत. मी हात केला. गुलाबरावांनी हेल्मेटची काच वर करून मला सांगितलं, "मॅडम, बाजारातून जाताना ह्या पोत्यानं झोप नाई येत. भरूनच न्या लागते."

ईरा, तुझी कार आपले गिअर आपण बदलते, हे छान आहे. तू तिच्यावर विसंबून मात्र राहू नकोस. या दिवाळीत अद्वैतला मागच्या सीटवर बसव, भजी खाऊ घाल आणि फिरवून आण. त्याला झोप लागली की मला फोन कर.

तुमची,
आजी